नाटकाला उचल हवी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

परभणीहून लिहितो आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण ऐकलं असेलच. ते कुणी आणि कशावरून म्हटलं यावर इथल्या टपऱ्यांवर अजून वाद होतात. आमची एक हौशी नाट्यसंस्था आहे. चौदा माणसं. त्यात एक एसटीचा वाहक, दोन शिक्षिका, एक मेडिकल दुकानवाला, बाकी अशीच पोटापाण्याला लागलेली. आणि आमचा लेखक, जो सेलूजवळ सात एकरांत सोयाबीन आणि कापूस करतो.

नाट्यगृहांच्या दुरवस्थेबद्दल आपल्याकडे पत्रांचा ढीग असणार. त्यात भर घालत नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा आम्हीही हळहळलो, आणि ते पुन्हा बांधायला सरकारनं निधी जाहीर केला तेव्हा बरं वाटलं. नाट्यगृह जळालं की साऱ्या महाराष्ट्राला दिसतं. अर्ध्यावर सुटलेल्या संहितेचा मात्र धूर निघत नाही. हे पत्र त्या संहितांसाठी आहे, नाटक लिहून होण्याआधीच त्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळावेत म्हणून.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लेखकानं ऊसतोडीवर नाटक लिहायला घेतलं. गंगाखेड, सोनपेठ भागातून टोळ्या कारखान्यावर जातात, त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट. पहिला अंक झकास झाला, कारण तो गावातच घडतो. दुसरा अंक उसाच्या फडावरचा. त्यासाठी त्याला पंधरा दिवस टोळीसोबत राहायचं होतं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च, शिवाय घरच्या कापसाच्या वेचणीला लावायची माणसं, असा सगळा हिशेब आम्ही एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि वही मिटली. तो गेला नाही. घरी बसून, फोनवर दोघा-तिघांशी बोलून त्यानं अंक उरकला. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत परीक्षकांपैकी एकजण म्हणाले, ‘दुसरा अंक ऐकीव वाटतो.’ खरं बोलले. त्या नाटकाचा तेवढा एकच प्रयोग झाला. नेपथ्य अजून मेडिकलवाल्याच्या गोदामात सलाइनच्या खोक्यांमागे उभं आहे.

ऊसतोडीचा मुकादमसुद्धा मजुरानं कोयता हातात घ्यायच्या आधी उचल देतो. (त्या उचलीत माणूस कसा अडकतो हाच आमच्या नाटकाचा विषय होता, पण ते असो.) नाटकाला मात्र आपल्या राज्यात उचल नाही. व्यावसायिक नाटकांना प्रयोगागणिक अनुदान मिळतं, पण समिती तयार नाटक पाहते, दर्जा ठरवते आणि मग. स्पर्धेत बक्षीस मिळतं, तेही प्रयोगानंतर. केंद्राच्या गुरु-शिष्य योजनेत महिन्याचं मानधन आहे, पण ती बारमाही चालणाऱ्या संस्थांसाठी. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी साडेसातला शाळेच्या व्हरांड्यात जमणारे आम्ही त्यात कुठे बसणार? मी एकदा एका कार्यालयात विचारायला गेलो होतो. तिथल्या भल्या माणसानं चहा पाजला आणि म्हणाला, ‘आधी नाटक करून आणा, मग बघू.’ त्याचं चुकलं नाही. त्याच्याकडच्या नियमांत तेच लिहिलेलं होतं.

गंमत अशी की याच चौदा जणांनी उद्या एखाद्या सरकारी योजनेवर वीस मिनिटांचं पथनाट्य बसवलं तर गावागणिक मानधन ठरलेलं असतं. ते आम्ही केलंही आहे. वाईट नाही, पण त्याला नाटक म्हणायला जीभ रेटत नाही.

आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं म्हणून. त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट सहसा राहून जाते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काही मराठीत उभं करायला सांगितलं आणि पाठीशी दरबार उभा केला. तोवर मराठीत असं नाटक कुणी पाहिलेलंच नव्हतं, मग त्याला दर्जा कोण आणि कसा देणार? पुढे चिंतामणराव वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. म्हणजे आपल्या रंगभूमीचा जन्मच उचलीवर झालेला आहे. आम्ही नवीन काही मागत नाही.

इतकं मागेही जायला नको. पुण्याच्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेनं १९८५ ते १९९४ या काळात अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून दोन योजना चालवल्या, एक नाटककारांसाठी आणि दुसरी ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या विकासासाठी. नाटककार सतीश आळेकरांनी त्या आखल्या आणि सांभाळल्या. परदेशी पैसा थांबला, योजनाही थांबल्या. ते काम राज्यानं तेव्हाच उचलायला हवं होतं असं माझं मत आहे, आणि ते मी आज नव्यानं बनवलेलं नाही.

आणि गावाकडे नाटक घडत नाही असं कुणी आपल्याला सांगितलं तर आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ दाखवा. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिणारा राजकुमार तांगडे तिथला आणि त्यातले कितीतरी नट त्याच मातीतले. मुंबई-पुण्यानं ते नाटक डोक्यावर घेतलं. पण अशी उदाहरणं दहा बोटांत मोजावी लागतात, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी वेडा माणूस आपले महिने आणि आपला खिसा त्यात घालतो.

आकडे मांडतो. एका नव्या नाटकासाठी ३ लाख रुपये. त्यात लेखकाला ६० हजार. बारा कलावंतांना साठ तालमींचा प्रत्येकी २०० रुपये प्रवास-चहा भत्ता, १ लाख ४४ हजार. तालमीच्या जागेचे ३० हजार. बाहेरून दोन-तीनदा येऊन संहिता आणि तालीम पाहील, तोंडावर खरं बोलेल अशा एखाद्या जाणत्या रंगकर्मीसाठी ४० हजार. उरलेल्या २६ हजारांत गावातल्या पारावर किंवा शाळेत दोन कच्चे प्रयोग. नेपथ्य आणि दिव्यांना यात एक पैसाही नाही. ते आम्ही करू, करतच आलोय. जिल्ह्याला एक नाटक धरलं तर ३६ जिल्ह्यांचे १ कोटी ८ लाख होतात.

यातला निम्मा पैसा संहिता पूर्ण व्हायच्या आधी हातात पडला पाहिजे. दहा पानांचं टिपण आणि एक प्रवेश, यावर निवड व्हावी. निवडणाऱ्यांत नाटक लिहिलेली, बसवलेली माणसं असावीत, आणि त्यांनी अर्ज वाचून न थांबता तालमीला येऊन बसावं. नाटक फसलं तर वसुलीची नोटीस नको. यातली बरीच फसतील, मी आत्ताच सांगून ठेवतो. आमचंही फसेल कदाचित. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जातेच आहे. पैसे देताना तिच्या विषयावर आणखी एक चाळणी लावू नका. एखाद्या नाटकात तलाठी किंवा आमदार वाईट निघाला, तर निघू दे.

मात्र एकच अट सगळ्यांना सारखी लावू नये. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या वडसा परिसरातल्या नाटक मंडळींना प्रेक्षक शोधावा लागत नाही. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्र रात्र तिकीट काढून माणसं मंडपात बसतात. २०२३ मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला ती रंगभूमी आठवली, आणि बहुतेक पुन्हा विसरलीही. त्या मंडळींना हंगाम नसलेल्या पावसाळ्यात काय हवं ते त्यांनाच विचारा. परभणीच्या माणसानं गडचिरोलीचा अर्ज लिहू नये.

आता शेवटचं, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. जीआर काढायचा झाला तर अर्जाची मुदत जूनमध्ये ठेवू नका. मृग लागला की आमचा लेखक पेरणीत असतो, फोनसुद्धा उचलत नाही. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून घाईनं वाटलेला पैसाही कामाचा नाही, कारण तेव्हा शिक्षिकांच्या परीक्षा असतात. एप्रिलमध्ये अर्ज घ्या, मेमध्ये निकाल लावा. पेरणी उरकून तो जुलैत परत येतो, तेव्हा पहिला हप्ता बँकेत असला तर यंदाच्या गळीत हंगामात त्याला फडावर पाठवता येईल. दुसरा अंक त्याला पुन्हा लिहायचा आहे.

आपला,
एक हौशी दिग्दर्शक, परभणी