पनवेल लोकलमधल्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही, म्हणून हे पत्र असं उघडंच लिहिते आहे. ठाण्याहून सुटणारी सकाळची पनवेल लोकल, लेडीज डबा, खिडकीशी तुम्ही, नेरुळला लेकीकडे नातवाला सांभाळायला निघालेल्या. एवढ्यावरून कुणी ओळखलंच, तर त्यांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं.

मी ती कोपरखैरण्याला उतरणारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आलेली मुलगी. आमच्या महाप्याच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा जुना. त्याचं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालायचं आणि तो कॉम्प्युटर गेला. कंपनीकडून उत्तर आलं, नवा कॅमेरा घ्या. हातात उरल्या त्या नुसत्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने लिहिलेले कच्चे आकडे, एका नमुन्याच्या ३४०. इमेजजे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडता येतात हे ठाऊक होतं, पण तिथली इम्पोर्टची खिडकी रुंदी, उंची, ऑफसेट असं काय काय विचारते. मी अंदाजाने आकडे टाकत होते आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

तुम्ही शेजारून बघत होतात. मला वाटलं, आता विचारणार, लग्न झालं का. तुम्ही विचारलंत, "फाइल केवढी आहे? केबीत नको, बाइटमध्ये सांग."

२८,९५,८७२.

तुम्ही पर्समधून भाजीची यादी काढलीत आणि तिच्या मागच्या बाजूला गुणाकार मांडलात. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत १३९२ बाय १०४० होतं, म्हणजे बिंदू झाले १४,४७,६८०. कॅमेरा १२ बिटांचा, एका बाइटमध्ये मावणार नाही, म्हणून प्रत्येक बिंदूला दोन बाइट. २८,९५,३६०. वजाबाकी केलीत आणि खाली राहिले ५१२. "हे पाकीट," तुम्ही म्हणालात, "चित्र त्याच्या आत आहे. ऑफसेटमध्ये ५१२ घाल, म्हणजे पाकीट सोडून वाचेल."

तरीही मुंग्या होत्याच. तेव्हा ऐरोली आलं होतं. १२ बिटांत जास्तीत जास्त ४०९५ यायला हवेत आणि माझ्याकडे ६५ हजारांच्या घरातले आकडे दिसत होते. तुम्ही हसलात. २०१९ साली दुसरीच्या गणितावरून 'तेवीस' म्हणायचं की 'वीस तीन' असा वाद झाला होता, आठवतो का, म्हणून विचारलंत. "तुझा कॅमेरा तेवीसवाला आहे, आधी एकक सांगतो. तू त्याला वीस तीन समजून वाचते आहेस, म्हणून तुला एकाचे २५६ दिसतायत." लिटल एंडियनच्या, म्हणजे दोनांतला कमी किमतीचा बाइट आधी वाचायच्या, चौकोनात खूण केली आणि पेशी दिसल्या. चक्क पेशी! समोरच्या मावशींनीही मान पुढे करून बघितलं. (घरी जाऊन मी मुद्दाम ऑफसेट शून्य ठेवून पाहिलं. ५१२ बाइट म्हणजे २५६ बिंदू, म्हणून चित्राची उजवीकडची २५६ बिंदूंची पट्टी कापून डावीकडे येऊन बसते. असं चित्र बघितलं असतं तर मी स्लाइडलाच दोष दिला असता.)

मॅक्रोचं, म्हणजे हेच काम सगळ्या फाइलींवर आपोआप करणाऱ्या सूचनांचं, सगळं पुढच्या तीन-चार दिवसांत झालं, रोज पंधरा-वीस मिनिटांच्या हप्त्याने. रेकॉर्डर चालू करायचा, एक फाइल हाताने उघडायची, की तो आपल्या कृतीची ओळ लिहून देतो, हे तुम्ही दाखवलंत. त्या ओळीभोवती फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचा फेरा बांधायचा होता. तो मात्र तुम्ही लिहून दिला नाहीत. मी दोनदा मागितला, तुम्ही दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलंत. त्या वेळी राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

पहिला मॅक्रो पहिल्याच फाइलीला अडकला, कारण आमच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती आणि अशा वेळी फाइलीच्या पत्त्याला (पाथला) चौकोनी कंस घालायचे असतात. दुसरा मॅक्रो नोंदींची टेक्स्ट फाइलसुद्धा चित्र समजून उघडायला गेला, मग नावाचा शेवट तपासणारी अट आली. बॅच मोड लावल्यावर ३४० खिडक्या धडाधड उघडणं थांबलं. आणि जेपेगचं नाव काढल्यावर तुम्ही केलेला चेहरा! टिफमध्येच ठेव म्हणालात. जेपेग आकडे बदलतं आणि आम्हाला तर उजेड मोजायचा असतो.

खरे आभार मात्र एका ओळीचे आहेत. तुम्ही म्हणालात, उघडण्याआधी प्रत्येक फाइलीची लांबी मोज. २८,९५,८७२ नसेल तर उघडू नकोस, नाव लिहून पुढे जा. मला ती उगाच कटकट वाटली होती. पहिल्या पूर्ण फेरीत तीन नावं निघाली. पेनड्राइव्ह घाईत काढल्यामुळे त्या फाइली अर्धवट उतरल्या होत्या. मूळ प्रती अजून कार्डावर होत्या म्हणून वाचलो. आठवड्याने ते कार्ड पुसलं जाणार होतं.

हाताने जे काम दोन दिवस चाललं असतं ते आता चहा होईस्तोवर उरकतं. सर विचारतात, कुठे शिकलीस? मी सांगते, ऐरोली ते कोपरखैरणे.

तुम्ही आधी कुठे नोकरीला होतात? एकदा 'उपग्रहाची चित्रं' एवढंच म्हणालात आणि माझं स्टेशन आलं. पावसाळ्यानंतर तुम्ही दिसला नाहीत. नातू शाळेत जायला लागला असेल.

तुमची यादी माझ्याकडेच राहिली आहे, माझ्या वहीत आहे. पुढच्या बाजूला मेथी दोन जुड्या, आलं, लिंबं आणि सुरण अर्धा किलो. त्या दिवशी सुरण आणायचा राहिला असेल तर तो माझ्यामुळे.

तुमची,
कोपरखैरण्याला उतरणारी