मा. आरोग्यमंत्री यांस खुले पत्र : रक्ताची पहिली नळी वेळेत भरली जावी

सविनय नमस्कार.

मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेचा दुर्मीळ पण झपाट्याने पसरणारा आजार. उपचारानंतरही सुमारे ४० टक्के रुग्णांत तो उलटतो, तोही बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याची चाहूल रक्तात आधी लागू शकते. पण पहिला नमुनाच घेतलेला नसतो, आणि घोडं तिथंच अडतं.

यातल्या बहुतेक गाठींत पॉलिओमा नावाच्या गटातला एक विषाणू असतो, हे २००८ मध्ये कळलं. त्याच्या कर्कप्रथिनाविरुद्ध (कर्करोग घडवणाऱ्या प्रथिनाविरुद्ध) साधारण निम्म्या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडतात. गाठ गेली की ती काही महिन्यांत हळूहळू उतरतात, आजार परतला की चढतात. मात्र पहिली पातळी निदानानंतर ३ महिन्यांच्या आत मोजलेली हवी. नाहीतर वर्षभरानं आलेल्या ‘निगेटिव्ह’ रिपोर्टचे दोन अर्थ निघतात : प्रतिपिंडं होती आणि उतरली, किंवा कधी नव्हतीच. पहिली खुशखबर. दुसऱ्या गटात आजार उलटण्याचा धोका जास्त, त्यांचे स्कॅन जवळजवळच्या अंतरानं व्हायला हवेत. कागदावर मात्र दोघे सारखेच दिसतात.

दुसरी चाचणी गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएची. तो शोधायचा तर नळीपासून काळजी हवी. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त दिवसभर पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा अंश बुडून जातो. म्हणून काही तासांतच प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) वेगळा करावा. ते जमणार नसेल तर पेशी टिकवणारी खास नळी वापरावी, ती ८ ते १० वेळा अलगद उलटीसुलटी करावी. खळखळ हलवू नये, फ्रीजरमध्ये तर मुळीच टाकू नये. शस्त्रक्रियेनंतर लगेच रक्त घेण्यातही अर्थ नाही, जखमेतूनच डीएनए सुटत असतो.

सीबीसीतलं (नेहमीच्या रक्तपेशी-तपासणीतलं) न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर आणि एलडीएच (पेशींतलं एक एन्झाइम) या आजाराच्या स्वस्त खुणा आहेत, पण स्टेरॉइडनं पहिलं फुगतं आणि नळीत तांबड्या पेशी फुटल्या की दुसरं. निव्वळ त्यांवर निर्णय नको.

आमची मागणी एका आदेशाची आहे. बायोप्सीत हे निदान झालं की त्याच रिपोर्टखाली छापावं : उपचारापूर्वी रक्त घ्या, नळीवर तारीख-वेळ लिहा, पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवा. रुग्णाच्या गाठीनुसार बेतलेली डीएनए चाचणी त्या ब्लॉकवरूनच तयार होते.

आपले,
कर्करोग प्रयोगशाळांतील डॉक्टर व तंत्रज्ञ