किडनी देणाऱ्याचं पुढे काय होतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये अवयवदान दिनाच्या सुमारास तुमच्या पेपरात एका आईने मुलाला किडनी दिल्याची बातमी आली होती, फोटोसकट. मुलगा कसा आहे, कामावर कधी जाणार, डॉक्टर काय म्हणाले हे सगळं होतं आणि आईबद्दल एकच ओळ, की आईच्या मायेला तोड नाही. मी ती बातमी दोनदा वाचली, त्या आईंची तब्येत आता कशी आहे ते कुठेच सापडलं नाही. मी स्वतः किडनी दिलीय, भावाला, 6 वर्षं झाली, म्हणून राहवलं नाही आणि हे लिहायला बसले.

आम्ही ठाण्याचे, कोपरीत राहतो, भाऊ ऐरोलीला. त्याचं बीपी वाढलेलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायचा आणि कामाला जायचा. पायावर सूज आली, जेवण जाईना, तेव्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 9 च्या वर, आणि नॉर्मल असतं साधारण 1 च्या आसपास. मग आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर. डायलिसिस ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पाणी मोजून प्यायचं, नारळपाणी बंद, केळं बंद, डायलिसिसच्या सुयांसाठी हातात शिरा जोडतात तो फिस्टुला, त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्या हातावर कुणाला बीपी मोजू द्यायचं नाही. नोकरी तरी कोण किती दिवस सांभाळून घेणार.

मेंदूमृत (ब्रेन डेड) दात्याची किडनी मिळावी म्हणून त्याचं नाव मुंबईच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे असे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत घातलं, ठाणे नवी मुंबईची नावंही तिथेच जातात. पण यादी मोठी आणि वर्षानुवर्षांची. वहिनीचा ब्लड ग्रुप जुळला नाही. आईला डायबिटीस, तिची घेणारच नव्हते. मी ओ पॉझिटिव्ह. तेव्हा कळलं की ओ वाला कुणालाही किडनी देऊ शकतो आणि किडनीच्या बाबतीत पॉझिटिव्ह निगेटिव्हला महत्त्व नसतं. हे आधी माहीत असतं तर नात्यातल्या दोघांना आम्ही उगाच "तुमचा निगेटिव्ह, चालणार नाही" म्हणून परत पाठवलं नसतं.

माझ्या तपासण्या जवळजवळ दोन महिने चालल्या. भावाशी जुळतंय का बघायला टिश्यू टायपिंग आणि क्रॉसमॅच, 24 तासांची लघवी साठवून द्यायची, प्रत्येक किडनी किती काम करते तो डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओ. लोकांना वाटतं सही केली की किडनी काढतात, तसं नाहीये हो, थोडी जरी शंका आली तरी दात्याला नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मग परवानगीसाठी मुलाखत. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा आहे, आईवडील, मुलं, भाऊबहीण, नवराबायको ही जवळची नाती, 2011 च्या दुरुस्तीत आजीआजोबा आणि नातवंडं आली. दाता बाई असेल तर ती मनापासून देतेय ना हे जास्त काळजीने बघायचं, आणि तिची संमती खरी आहे हे किडनी घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून तरी पक्कं करून घ्यायचं, असं नियमांत लिहिलंय. मला एकटीला आत बसवून मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, ताई घरातून कुणाचा दबाव आहे का, नको वाटत असेल तर आत्ता सांगा, आम्ही मेडिकल कारण देऊ, कुणाला कळणार नाही. त्या एका प्रश्नाने मला फार बरं वाटलं. नाही म्हणता येतं हे कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. मी हो म्हटलं ते त्यानंतरचं हो, त्याच्या आधी नुसतं सगळे धरून चालले होते.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, माझी डावी घेतली, डाव्या किडनीची शीर लांब असते म्हणून शक्यतो तीच घेतात. भावाच्या जुन्या दोन्ही किडन्या आतच आहेत, नवीन पोटात खाली उजवीकडे बसवली, त्यामुळे त्याच्याकडे आता तीन आहेत. आमच्या मावशीला हे अजूनही खरं वाटत नाही. चौथ्या दिवशी मी घरी आले. दुखतं, खोकला आला तर टाक्यांवर उशी धरून बसायचं, पण दीड महिन्यात मी गर्दीच्या लोकलमधून कामावर जायला लागले. आता घरातलं सगळं करते, हंडा उचलते, चतुर्थी धरते. राहिलेली किडनी थोडी मोठी होते आणि बरंचसं काम उचलते. धोका अजिबात नाही असंही कुणी सांगू नये. न दिलेल्या निरोगी माणसापेक्षा पुढे किडनीचा त्रास होण्याची शक्यता किंचित जास्त असते, कमीच असते पण असते, आणि ते मला आधी नीट सांगितलं होतं.

राग कशाचा आहे तर नंतरचा. भावाची फाईल जाड होत गेली, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमस गोळीची लेव्हल, क्रिएटिनिन, दर महिन्याला फोन, या गोळ्या जन्मभर घ्यायच्यात त्यामुळे ते बरोबरच. माझं पंधरा दिवसांनी टाके बघितले आणि फाईल बंद. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी "नियमित तपासणी" एवढे दोन शब्द. दुसऱ्या वर्षी माझी कंबर धरली तेव्हा मी आठ दिवस डायक्लोफेनॅक खाल्लं, सगळेच खातात तसं. नंतर दुसऱ्याच कामासाठी रक्त दिलं तर क्रिएटिनिन वर गेलेलं. डॉक्टर म्हणाले अहो एका किडनीवर आहात, या पेनकिलर तुम्हाला चालत नाहीत, कुणी सांगितलं नाही का. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्या बंद केल्यावर खाली आलं, पण ते आठ दिवस आठवले की अजून धस्स होतं.

म्हणून ज्यांनी दिलीय त्यांना माझं सांगणं, वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन करा, कुणी बोलवायची वाट बघू नका. काही तासांचं काम आहे, पैसेही फार लागत नाहीत. डॉक्टर दाताचा असो नाहीतर हाडाचा, आधी सांगा एकच किडनी आहे. आणि घरच्यांनी सुद्धा विचारावं ना. भावाला न्यायला चार माणसं असायची, मी माझ्या तपासणीला एकटी रिक्षाने जायचे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही आणि आता तेच वाईट वाटतं, की मलाही वाटलं नव्हतं.

रजेचं पण तेच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 2023 पासून अवयव देण्यासाठी 42 दिवसांची विशेष रजा मिळते. मी खाजगीत, माझा दीड महिना बिनपगारी गेला. हे सगळ्यांना का नाही?

अजून एक. डायलिसिसच्या हॉलमध्ये मी महिनोन्महिने भावासोबत बसलेय. खाटांवर जास्त करून पुरुष आणि बाहेर बाकड्यावर बायका, आई, बायको, बहीण, आणि त्यातल्याच कुणाच्या तरी तपासण्या चालू. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका खूप जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत कमी. एक ताई स्वतः पेशंट होत्या, त्यांच्यासाठी घरात देणारं कोण असं विचारल्यावर त्या नुसत्या छताकडे बघत राहिल्या. अवयवासाठी थांबलेल्यांच्या यादीत आता बायकांना आणि मेंदूमृत दात्याच्या नातेवाईकांना प्राधान्य द्या असं नोटोने, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, 2025 मध्ये कळवलंय, आणि आधी किडनी दिलेल्या माणसाला पुढे स्वतःला गरज पडली तर त्यालाही जास्तीचे गुण मिळतात. हे किती दात्यांना माहीत असेल?

मेंदूमृत दात्यांबद्दल तुम्ही छापता ते छापत राहा, कारण एका घराने हो म्हटलं की दोन माणसं मशीनवरून उतरतात, आणि तेवढ्याच दोन बहिणी नाहीतर आया टेबलावर जायच्या वाचतात. फक्त कोमा आणि मेंदूमृत यातला फरक प्रत्येक वेळी लिहा. चार डॉक्टरांचं पॅनल कमीत कमी 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासतं आणि मगच जाहीर करतात, कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून लोक म्हणतात की व्हेंटिलेटरवर छाती हलत होती म्हणजे जिवंत होता.

आणि एक विनंती. त्या बातमीतल्या आईंचा पत्ता तुमच्या वार्ताहराकडे असेलच. त्यांच्याकडे एकदा जाऊन या आणि ऑपरेशननंतर बीपी कधी मोजलं, कंबर दुखल्यावर कुठली गोळी घेतात, एवढं विचारा.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व