थोरलीच्या इंजिनिअरिंगसाठी शेत विकायला काढण्याआधी

कोरेगाव, जि. सातारा
14 डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,

जय हिंद.

तुझं पत्र मिळालं. फोन केला असता, पण तुझ्या पोस्टवर रेंज नसते, आणि असली की तू पाऊसपाण्याच्या गप्पा मारून मुद्द्याचं विसरतोस. म्हणून मीही कागदच घेतला. थोरली बारावीला आहे, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय, तू 2027 च्या मार्चअखेर पेन्शनीत येतोयस आणि पाटाखालचं रान विकून फी भरायचं तुझ्या मनात आहे. वहिनींना हे विचारलंस का? मला नाही वाटत. रान विकायला काढू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

आपल्या लोकांचा एक समज आहे की फौजेतल्या माणसाच्या पोरांना शिक्षण फुकट असतं. गावातले तर तसंच धरून चालतात. दुसरा समज बरोबर उलटा, की सरकार काही देत नाही, सगळं कागदावर. दोन्ही चूक. पैसा आहे, पण तुकड्यातुकड्यांत आहे, आणि प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी. तू सर्व्हिसमध्ये असताना काय मिळतं, पेन्शनीत गेल्यावर काय मिळतं, पोरगी कुठल्या वर्षाला आहे, यावर सगळं ठरतं. तारीख चुकली की मग साहेबांच्या पाया पडून उपयोग नाही.

आधी हेच बघ. पोरांच्या शिक्षणाचा जो भत्ता तू दरवर्षी क्लेम करतोस, तो महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून महिन्याला 2,812 रुपये 50 पैसे झालाय. पण तो बारावीपर्यंत. म्हणजे खर्चाचं खरं तोंड उघडतं तिथे भत्ता बंद. आणि आपण ओआर, म्हणजे अधिकारी नसलेली माणसं, नेमकी त्याच सुमाराला पेन्शनीत येतो. अधिकाऱ्यांचं वेगळं, ते पन्नाशी ओलांडून बाहेर पडतात, तोवर त्यांची पोरं बहुतेक मार्गी लागलेली असतात. आपली पोरं तेव्हा सीईटीचे क्लास लावत असतात.

आता प्राइम मिनिस्टर स्कॉलरशिपचं. तू लिहिलंयस की ती मिळावी म्हणून घरचं कारण दाखवून आधीच डिस्चार्ज घ्यावा का. हे कुणी डोक्यात घातलं तुझ्या? स्कीम चांगली आहे, मान्य. मुलीला महिन्याला 3,000, मुलाला 2,500, कोर्स संपेपर्यंत, वर्षाचे पैसे एकदम खात्यावर. देशभरात वर्षाला 5,500 जणांना, त्यात निम्म्या मुली. बारावीला 60 टक्के लागतात, कोर्स व्यावसायिक लागतो. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए असलं काहीतरी. साधं बीए-बीकॉम चालत नाही. पण यात दोन अटी एकमेकींत अडकलेल्या आहेत: बाप माजी सैनिक पाहिजे आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. थोरली 2026 च्या पावसाळ्यात प्रवेश घेणार, तेव्हा तू वर्दीत. तू बाहेर येशील तोवर तिचं पहिलं वर्ष संपत आलेलं असेल. म्हणजे तिच्यासाठी ही स्कॉलरशिप नाही, सरळ हिशेब.

त्यासाठी लवकर सुटायचं म्हणशील तर चार वर्षांचे मिळून होतात 1 लाख 44 हजार. हवालदाराचा थोड्याच महिन्यांचा पगार. तेवढ्यासाठी जवळजवळ वर्षभराचा पगार सोडणार? मुकाट्याने 2027 च्या मार्चपर्यंत थांब. धाकट्याच्या वेळी तू माजी सैनिक असशील, त्याला ती नक्की घ्यायची. शिवाय केंद्रीय सैनिक बोर्डाची एज्युकेशन ग्रँट आहे, हवालदार आणि त्याखालच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. ती महिन्याला 1,000 होती, या 1 नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना 2,000 केलीय. धाकटा अजून नववीत आहे ना, मग त्याच्यासाठी पेन्शनीत आल्या आल्या हीच पहिली बघायची.

थोरलीसाठी काय, ते सांगतो. एक, सीट. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, संरक्षण दलातल्यांच्या मुलांना 5 टक्के जागा असतात. सेवेत असलेल्या आणि महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या जवानाची मुलगी म्हणून ती डेफ-2 मध्ये येईल. तू पेन्शनीत असतास तर डेफ-1. तुझं स्वतःचं डोमिसाइल काढलेलं आहे का? नसेल तर या छुट्टीत तहसीलला जाऊन काढ, कारण आपलं अर्धं आयुष्य बाहेर गेलंय आणि ऐन जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लावून ते मिळत नाही. एक गोष्ट मात्र नीट समजून घे. कोट्याने सीट मिळते, फी माफ होत नाही. कित्येक जण इथे फसतात. दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही तसंच. फक्त आर्मीवाल्यांच्या पोरांसाठी, प्रवेश जेईई मेनवर, कॉलेज उत्तम, पण फी भरावी लागतेच. तिची जेईईची तयारी असेल तर अर्ज जरूर कर.

दोन, फी. यात मुलगी असण्याचा मोठा फायदा आहे. 2024-25 पासून महाराष्ट्र सरकारने इडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर एक पै मिळणार नाही, मग कॉलेजचा एजंट काहीही सांगो. तुझा पगार, त्यात फील्डचे भत्ते, हे सगळं धरून 8 लाखांच्या अलीकडे बसतं की पलीकडे, ते फॉर्म-16 घेऊन आत्ताच बघ. पलीकडे जात असेल तर पहिल्या वर्षाला फी भरावी लागेल, पण पेन्शनीत आल्यावर उत्पन्न खाली येतं, तेव्हा पुढच्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, काय बसतं ते पुन्हा तपासायचं. हा विषय तुझ्यासाठी सगळ्या सैनिकी स्कीमांपेक्षा मोठा आहे, आणि तुझ्या पत्रात याचा उल्लेखही नाही!

तीन, राहणं-खाणं. फी माफ झाली तरी पुण्याचं राहणं माफ होत नाही. सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं आहेत, पुण्यातही आहे, बाहेरच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्त. जागा मोजक्या असतात आणि विधवांच्या मुलांना आधी मिळतात, ते बरोबरच आहे. बारावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा.

एवढं करून जे उरेल त्याला एएफपीपी फंड, म्हणजे आपला फौजेतला भविष्य निर्वाह निधी. त्यावर 7.1 टक्के व्याज मिळतंय, शैक्षणिक कर्जाचं व्याज त्याहून जास्त. तेव्हा पहिल्या वर्षाचा खड्डा फंडातून भर, पोरांच्या उच्च शिक्षणासाठी काढता येतो. पुढे कमी पडलं तर कर्ज घे, त्यात लाज कसली. पीएम-विद्यालक्ष्मी म्हणून नवी योजना 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. यादीतल्या कॉलेजांना तारण नाही, जामीनदार नाही, आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना 3 टक्के व्याज सरकार भरतं. कॉलेज यादीत आहे का, ते ऑप्शन फॉर्म भरतानाच बघायचं, नंतर नाही.

आणि पेन्शनीला मिळणारी ग्रॅच्युइटी, कम्युटेशन? आपल्याकडे माणूस पेन्शनीत आला की आधी स्लॅब, मग बुलेट, मग मेव्हण्याला उसने. वर्षभरात खातं कोरडं. कम्युटेशन म्हणजे सरकारने दिलेलं बक्षीस नव्हे, आपलीच पेन्शन आपण आगाऊ विकलेली असते, आणि ती 15 वर्षं कापली जाते. पोरीचे चार वर्षांचे पैसे त्यातून आधी वेगळ्या खात्यात टाक, मग काय उरतं त्यात स्लॅब ओत. वहिनी माझ्यावर चिडतील, चिडू देत.

आता कागदांचं. यात मी जरा लांबण लावणार आहे. मी हल्ली आठवड्यातून एकदा लोकांना घेऊन सैनिक कल्याणच्या ऑफिसात जातो, कुणाचे फॉर्म भरून दे, कुणाचं स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचं प्रोफाइल दुरुस्त करून दे. दहातल्या निम्म्या लोकांचं काम पैशामुळे नाही, नावामुळे अडतं. पोर जन्मलं तेव्हा आपण कुठेतरी बर्फात. घरून पत्र आलं, आपण कंपनीच्या क्लर्कला सांगितलं ते घरातलं हाक मारायचं नाव. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली कुटुंबाची नोंद, तशीच निघाली. पुढे शाळेत मास्तरांनी दुसरं नाव घातलं, जन्मतारीख जूनची केली. सतरा-अठरा वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि मग एक दिवस ऑनलाइन अर्ज परत येतो: नाव जुळत नाही. शेजारच्या गावच्या एका नाईकाच्या मुलीचं वर्षच गेलं यात, मार्क असूनही. दुरुस्ती होते, पण रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं, तिथून ऑर्डर यायची, यात महिने जातात. तू अजून युनिटमध्ये आहेस, तुझं काम हेडक्लर्कच्या टेबलावर होईल. पेन्शनीत आल्यावर तेच काम बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहून करावं लागेल. तेव्हा दोघांची दहावी-नववीची कागदं, आधार आणि पार्ट टू ऑर्डर शेजारी शेजारी ठेवून एक एक अक्षर ताडून बघ. वहिनींचंही नाव बघ, माहेरचं राहिलेलं असतं.

आपल्या प्लाटूनमधल्या त्याची बायको मध्ये भेटली होती. नाव लिहीत नाही, तुला कळलं. मुलगा आता डिप्लोमाला आहे. शहिदांच्या मुलांची पूर्ण फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश हे सगळं 1971 च्या युद्धानंतर सुरू झालेल्या सवलतीत येतं. 2017 मध्ये त्यावर महिन्याला 10,000 ची मर्यादा घातली होती, ओरड झाली, 2018 च्या मार्चमध्ये काढून टाकली. बाईंना मर्यादा घातल्याचं कळलं होतं, काढल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं वरचा खर्च खिशातून करत होत्या. मी बसून अर्ज लिहून दिला, आता बघू.

तुझ्या भाच्याबद्दल दोन ओळी. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीतला ना तो, 2023 च्या जानेवारीतला? म्हणजे कायम करून घेतलेल्या 25 टक्क्यांत नाही आला तर 2027 च्या जानेवारीत, तुझ्याही आधी बाहेर. मामा चोवीस वर्षांनी आणि भाचा चार वर्षांनी, एकाच हंगामात घरी! त्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वर लिहिलेल्या माजी सैनिकांच्या स्कीमा त्याला लागू नाहीत. त्याच्या हातात सेवा निधीचे, म्हणजे अग्निवीराला सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार येतील, त्यावर कर नाही. ताईंना त्यातून ट्रॅक्टर घ्यायचाय, असं कानावर आलं. पोराचं वय बावीस. इग्नूची अग्निवीरांसाठी पदवी आहे, निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात, निम्मे अभ्यास करून मिळवायचे. त्याने नाव घातलंय का विचार. नसेल तर कान धर.

माझं विचारलंस. बीए मी सर्व्हिसमध्ये असतानाच इग्नूतून केलं होतं, तू तेव्हा हसला होतास. आता एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात माझ्या मुलापेक्षा लहान पोरं, मला काका म्हणतात. मोठमोठ्याने पाठांतर करायची सवय अजून गेली नाही, त्यामुळे अभ्यासाला पडवीत हाकललेलं आहे. फी पेन्शनीतून भरतो, अनुदानित कॉलेज असल्यामुळे जमतं. आपल्याकडे बायकांना, पोरांना काही ना काही आहे, पण खुद्द जवानाने पेन्शनीनंतर कॉलेजात जायचं म्हटलं तर त्याच्या फीची सोय जवळपास नाही. पंधरा वर्षं सर्व्हिस झाली की मॅट्रिक जवानाला पदवीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतं. नोकरीला ते चालतं, बँकांत क्लर्कच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना असतात तिथेही चालतं. पण ते दाखवून मला लॉ कॉलेजात कुणी आत घेतलं नसतं.

चौबटियाला असताना ‘युद्ध अभ्यास’ या भारत-अमेरिका संयुक्त सरावासाठी आलेला एक अमेरिकन सार्जंट भेटला होता, आठवतो? चपाती हाताने फाडायला शिकलेला. तो म्हणाला होता की मी फौजेत आलो तो कॉलेजसाठी. मला तेव्हा कळलंच नाही, म्हटलं कॉलेज सोडून फौजेत येतात. पुढे वाचलं. त्यांच्याकडे 1944 च्या जूनमध्ये, महायुद्ध चालू असतानाच, रूझवेल्टने सही करून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला. हल्लीच्या कायद्यात 36 महिने सेवा झाली की 36 महिन्यांचं कॉलेज: सरकारी विद्यापीठाची फी पूर्ण, वर घरभाडं, पुस्तकांना वर्षाला 1,000 डॉलरपर्यंत. स्वतः नाही वापरलं तर सहा वर्षं सेवा झालेल्याने आणखी चार वर्षांची हमी द्यायची आणि ते मुलांच्या नावावर करायचं. आपल्याकडे इतका पैसा नाही, हे मला कळतं. पण पेन्शनीत आलेल्या माणसाला सिक्युरिटी गार्डच्या पलीकडेही काही करावंसं वाटू शकतं, हे तरी कुणी धरून चालावं. तुझं बारावी आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, आपल्या कराडच्या, एकेकाळच्या संरक्षणमंत्र्यांच्याच नावाचं. पोरीबरोबर तूही नाव घाल. हसू नकोस, आता माझी पाळी आहे.

छुट्टी जानेवारीत मिळते की फेब्रुवारीत, ते कळव. त्याआधी पार्ट टू ऑर्डरचे फोटो आणि फॉर्म-16 मला व्हॉट्सॲपवर टाक, म्हणजे मी इथे उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारून ठेवतो. पाटाखालच्या रानात या साली गहू घातलाय का? तिकडून जाताना दिसला, उगवण चांगली आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. थोरलीला सांग, काकाने फिजिक्सचे मार्क विचारलेत.

तुझा,
जुना बंकरमेट