न्यूट्रलचा सल्ला आधी मागे घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत पेट्रोल वाचवायची जी चौकट छापलीत, त्यात ‘उतार लागला की गाडी न्यूट्रल करा, घाटात तर जरूर’ असं बिनधास्त लिहिलंय. काल वाचून सोडून दिलं होतं, पण आज सकाळी मेहुण्याने तीच चौकट फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली, मग म्हटलं आता लिहायलाच हवं.

लेखकमहाशय कुठल्या जमान्यातली गाडी चालवतात देव जाणे. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) होता तोवर या सल्ल्यात थोडा तरी दम होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, आयडलच्या (उभ्या गाडीतल्या फेऱ्यांच्या) बऱ्यापैकी वर असतील तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो, थेंबभरही पेट्रोल जात नाही. न्यूट्रल केलंत की तेच इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, छोट्या गाडीला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. हां, अगदी मंद उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी अडते आणि परत ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे वाचतील चार थेंब. पण घाटात? आणि वर ‘जरूर’?

मागे एकदा भाड्याच्या गाडीने घाट उतरत होतो, मी पुढच्या सीटवर. उतार सुरू झाला तसा ड्रायव्हरने गिअर काढला, दांडा दोन बोटांनी डावीउजवीकडे हलवून न्यूट्रल पडल्याची खात्री केली आणि वर चावी मागे फिरवून इंजिनच बंद केलं. छान शांत वाटलं हो पहिल्या वळणापर्यंत! मग गाडीने जो वेग घेतला की त्याला ब्रेकवर ब्रेक मारावे लागले, आणि इंजिन बंद असलं की बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणाऱ्या भागात) साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदाच ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगड. स्टिअरिंगही जड झालेलं, तो अक्षरशः सीटवरून उठून पेडलवर उभा राहिला. मी ओरडलो तेव्हा कुठे चावी फिरवली. खाली थांबलो तर चाकांपाशी ब्रेक जळाल्याचा वास. मी झापायला सुरुवात केली तर म्हणतो, ‘‘काका, मालक डिझेल मोजून देतो, ॲव्हरेज नाही निघालं की पगारातून कापतो.’’ यावर काय बोलणार? त्या मालकानेही अशीच कुठलीतरी चौकट वाचली असणार.

इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तर चालतं असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो, बूस्टर चालेल पण गाडी धरून ठेवायला इंजिन नाही, सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पकड जाते, ब्रेक ऑइल जुनं होऊन त्यात पाणी शिरलेलं असेल तर ते उकळतं आणि पेडल भसकन खाली. आणि ऐनवेळी त्या वेगात गिअर टाकायला जा, बघा कुठला पडतो ते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ट्रकवाले शाळा न शिकता सांगायचे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही (तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात) नियम 122 न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याच्या याच विषयावर आहे, पण तुमच्या सदरकर्त्यांना तेवढं शोधायला वेळ कुठला.

तरी खुलासा छापा, आणि चौकटीएवढ्याच आकारात छापा. मागच्या वेळी रात्री हेडलाइटचा अप्पर मारत येणाऱ्यांवरचं माझं पत्र तुम्ही असं काही कापलंत की मीच अप्पर लावा म्हणतोय असं वाचणाऱ्याला वाटावं, घरचे अजून त्यावरून चिडवतात. हे पत्र कृपया कापू नये. जागा कमी पडत असेल तर पुढच्या आठवड्याची चौकट काढा, भरपूर जागा होईल.

आपला,
एक जुना वाचक (सध्या तरी)