कॅलेब विल्यम्स सिक्स मारतो, सिंगल सोडतो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी मूळ सांगलीचा, बरीच वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, तुमचा पेपर रोज फोनवर वाचतो. अमेरिकन फुटबॉल तुमच्याकडे सुपर बोलपुरतंच येतं, म्हणून शिकागो बेअर्स टीमच्या क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूबद्दल, कॅलेब विल्यम्सबद्दल लिहावंसं वाटलं. आमच्या ऑफिसात कोणी म्हणतं पोरगा जीनियस आहे, कोणी म्हणतं उगाच डोक्यावर घेतलाय, मला दोन्ही पटत नाही.

2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात त्यात, तो पहिल्या नंबरवर गेला. पहिल्या सीझनला टीम 17 पैकी 5 मॅच जिंकली आणि त्याला 68 वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आधीच बॉलसकट आडवा. इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमने पकडलेले त्याचे पास, मात्र फक्त 6. लोक 6 चं कौतुक करायचे आणि 68 चं खापर पुढच्या लाइनवर, म्हणजे त्याला वाचवायला समोर उभ्या राहणाऱ्या खेळाडूंवर, फोडायचे. लाइन कच्ची होतीच, पण माझं ठाम मत आहे की दोन्ही आकडे एकाच सवयीचे आहेत. रिस्क नको म्हणून तो बॉल सोडायचाच नाही, अजून थोडं थांबू, कोणीतरी मोकळा होईल, असं करत राहायचा आणि तेवढ्यात अंगावर दोघं.

2025 ला बेन जॉन्सन कोच आला, लाइनमध्ये जो थुनीसारखी मुरलेली माणसं आली, सॅक 24 वर आले. टीमने 11 मॅच जिंकल्या, 6 हरल्या, डिव्हिजन म्हणजे आपला चार टीमचा गट जिंकला, त्याचे पासचे 3,942 यार्ड हा क्लबचा एका सीझनचा रेकॉर्ड, आणि या शंभर वर्षांहून जुन्या क्लबमध्ये आजवर एकानेही सीझनला 4,000 केलेले नाहीत. पण पास पोचण्याचं प्रमाण 58 टक्के, चांगले क्वार्टरबॅक 65 च्या पुढे असतात. काही बॉल तो सॅक टाळायला मुद्दाम बाहेर टाकतो, ते शहाणपणच आहे, पण पाच यार्डांवर मोकळ्या उभ्या माणसाच्या डोक्यावरून जातात त्यांचं काय? पाय नीट रोवायच्या आधीच हात फिरतो, स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसतं.

आणि तोच पोरगा 18 जानेवारी 2026 ला रॅम्स टीमविरुद्ध प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, काय करतो बघा. सात पॉइंटने मागे, चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, बॉल एंड झोनपासून, म्हणजे जिथे पोचलं की पॉइंट मिळतात त्या पट्ट्यापासून, 14 यार्डवर. समोरचे धावून आले तसा हा मागे मागे पळत पार चाळीस यार्ड लाइनपर्यंत गेला आणि तोल जात असताना तिथून बॉल उंच फेकला, तो थेट एंड झोनमध्ये आपल्याच कोल कमेटच्या हातात, आणि मॅच बरोबरीत. माझे वडील सांगलीहून आलेले, त्यांना यातला एक नियम माहीत नाही, पण तेही सोफ्यावरून उठून उभे राहिले. मग ओव्हरटाइममध्ये त्याने आपल्या डीजे मूरसाठी टाकलेला बॉल रॅम्सच्या कॅम कर्लने पकडला आणि मॅच 20-17 अशी हातची गेली. वडील मला विचारतात, अरे एवढ्या लांबून बरोबर टाकतो, मग जवळचा का चुकतो?

माझ्या मते हाताचा प्रश्नच नाही, पायाचा आहे, आणि ते प्रॅक्टिसने सुधारतं. येत्या सप्टेंबरमध्ये नवा सीझन सुरू झाला की मी त्याचे लांबचे पास मोजणार नाही, पहिल्या क्वार्टरमधले पाच यार्डांचे मोजणार आहे.

आपला,
एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय