‘पाणी शिरल्याने’ म्हणजे नेमकं कुठून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मासेमारी नौका बुडाल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं : ‘इंजिन रूममध्ये अचानक पाणी शिरल्याने नौका बुडाली.’ पुढे खलाशी वाचले का, जाळी-डिझेलसकट नुकसान किती, हे येतं. पाणी शिरलं कुठून, हे येत नाही. वादळ नाही, खडक नाही, कुणाची धडक नाही, तरी पाणी शिरलं असेल तर पहिला संशय आपणच बोटीच्या बुडाला पाडलेल्या भोकांवर घ्यायला हवा.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. त्यासाठी बुडाला भोक पाडून फिटिंग बसवतात, त्यावर सी-कॉक, म्हणजे हे पाणी चालू-बंद करायची तोटी, आणि कॉकला रबरी पाइप. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल आणि वरचा कॉक तुटला, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. तासाला नऊ टन. बादल्यांनी एवढं पाणी उपसून होत नाही.

माझ्या बोटीवर हे दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात घडलं. रात्रीची वेळ, वीस वाव (सुमारे १२० फूट) खोल पाणी, जाळं खाली सोडलेलं. इंजिनाचा आवाज बदलला म्हणून खलाशी खाली उतरला, तर पाणी त्याच्या पोटरीला लागलं. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, कॉक बंद करायला दांडी ओढली आणि ती कॉकच्या मानेसकट त्याच्या हातात आली. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याने लाकडाचा तुकडा कोयत्याने तासला, त्याला लुंगीची चिंधी गुंडाळली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून भोकात ठोकला. पहाटे दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत हर्णै बंदरात आणलं. सातही जण घरी आले.

तुटलेला कॉक मी उजेडात पाहिला. वरून पितळेसारखा पिवळा, पण तुटलेल्या जागी आतला धातू तांब्यासारखा गुलाबी आणि बिस्किटासारखा ठिसूळ. नखाने भुगा निघत होता. साध्या पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, काही पितळेत तर चाळीस टक्क्यांपर्यंत. खारं पाणी ते जस्त हळूहळू खाऊन टाकतं. मागे उरतं ते तांब्याचं सच्छिद्र जाळं. आकार तोच, ताकद शून्य. आपण बोटीला जस्ताच्या लाद्या लावतो त्या समुद्राने आधी त्यांना खावं म्हणून. तेच जस्त या कॉकच्या अंगातच होतं. तो घरातल्या नळाच्या लाइनचा कॉक होता, हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला. तीन हंगाम टिकला. गनमेटलचा, म्हणजे तांब्यात मुख्यतः कथील मिसळलेल्या धातूचा, तिपटीने महाग पडत होता म्हणून मी तो घेतला नव्हता. चूक माझीच होती आणि तिची किंमत सात घरांनी मोजली असती.

म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारलेल्या आहेत, बुडं कोरडी आहेत. कॉक बदलायचे तर आत्ताच. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की हंगामभर कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. नुसता कॉक नको, बुडातलं फिटिंगही काढा. नट सुटत नसेल तर ग्राइंडरने कापा. जुनं फिटिंग वाचवायच्या नादात लागू नका. फिटिंगचे आटे सरळ आणि कॉकचे निमुळते असतील, तर आत दोन-तीनच आटे धरतात. बाहेरून घट्ट वाटतं आणि लाथ बसली की मोडतं. माझ्या ओळखीचे कित्येक फिटरही हे तपासत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. बोट फायबरची असेल तर आतून जाड लाकडी ठोकळा बसवून त्यावर नट आवळा. गोल चाकाचा वॉल्व्ह टाळा. आतला पडदा तुटला तरी चाक फिरत राहतं आणि बंद झाल्याचा भास होतो. दांडीचा घ्या, दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद, हे अंधारातही हाताला कळतं. आणि प्रत्येक कॉकला त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. आमच्या तांडेलाला ती तासत बसावी लागली.

माझी दोन मागण्या करायची इच्छा आहे. नौकांची पाहणी होते तेव्हा लाइफ जॅकेटं मोजतात तसे हे कॉकही उघडझाप करून पाहावेत. आणि आपल्या वार्ताहरांनी बुडालेल्या बोटीच्या तांडेलाला एवढं एक विचारावं : कॉक कोणत्या धातूचा होता, किती वर्षांचा होता? उत्तर छापून आलं तर बंदरावर ते वाचलं जाईल.

तो तुटका कॉक मी जपून ठेवला आहे. बंदीच्या दिवसांत मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला तो घेऊन जातो आणि हातोहात फिरवतो. गेल्या खेपेला एक म्हातारा नाखवा तो हातात घेऊन बराच वेळ गप्प बसला, मग उठून आपल्या बोटीकडे गेला.

एक नौकामालक,
हर्णै, ता. दापोली